भांडण न करता घटस्फोट झाला, मग रात्री रडू का येतं?

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, नमस्कार. वय ३६, बडोद्यात मकरपुऱ्याला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नाही. बायकोला पुण्यात चांगला जॉब लागला, ती गेली, मग हळूहळू लक्षात आलं की लांब राहून आम्ही जास्त शांत आहोत, म्हणजे आधी तिच्या लक्षात आलं, मग मी पण हो म्हटलं. आपसात सह्या करून घटस्फोट घेतला, मे महिन्यात हुकूम मिळाला. भांडण नाही, पोटगी नाही, कोर्टात पण आम्ही एकाच रिक्षाने गेलो. वाघोडिया रोडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तो बंद करून मी आता दांडिया बाजारात आईकडे राहतो, हप्ता मीच भरतोय. दिवसभर ऑफिसात ठीक असतो, हसतो पण, आणि मग वाटतं की मी नाटक करतोय का. रात्री साडेनऊ झाले की संपलं, तिचा डीपी उघडून बसतो, लास्ट सीन बघतो. रविवार जाता जात नाही. मित्र म्हणतात तुझं तर सगळं स्मूथ झालं, जिम लाव, अॅपवर ये. एकाने दुःखाच्या पाच पायऱ्यांचं रील पाठवलं, मी त्यातल्या एकाही पायरीवर नाही किंवा रोज सगळ्यांवर आहे. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, आई दोन बायोडेटा घेऊन बसलीये. सासूबाईंचा अजून रविवारी फोन येतो, घेऊ का नको? आणि आमच्याकडे उभ्या गौरी असतात, त्या ती आणायची. आत्या आत्तापासून विचारतेय यंदा गौरी कोण आणणार. मला वाटतं गणपतीत कुठेतरी निघूनच जावं."

तुला सरळ तूच म्हणते, माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा आहेस.

पत्र वाचताना मी त्या रिक्षापाशीच अडकले. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात एकाच रिक्षाने गेलात हे तू असं लिहिलंयस की इतकं सगळं नीट केलं तरी दुखतंय का म्हणून. अरे, म्हणूनच तर दुखतंय. भांडून वेगळं होणाऱ्याकडे निदान राग असतो, झोप नाही आली तर कूस बदलून समोरच्याला चार शिव्या घालता येतात, मित्रांनाही कुणाची बाजू घ्यायची ते कळतं. तुझ्या गोष्टीत वाईट कुणीच नाही, तू नाहीस, ती नाही, मग डोकं रात्रभर दोषी शोधत फिरतं आणि कुणी सापडलं नाही की तुझ्यावरच येऊन थांबतं. आणि एक वाक्य तू पत्रात मध्येच घुसवून पुढे निघून गेलास, "आधी तिच्या लक्षात आलं, मग मी पण हो म्हटलं". मला वाटतं सगळं पत्र त्या वाक्यात आहे. सह्या दोघांच्या आहेत म्हणून दोघांना ते सारखंच हवं होतं असं थोडीच असतं, बहुतेक वेळा एकाला जायचं असतं आणि दुसरा समजूतदार असतो. तू समजूतदार होतास. आणि समजूतदार माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला लागलं का रे.

लोक दुःख आवाजावरून मोजतात, हे काही नवीन नाही. आपल्या गावात कुणी गेलं की पेपरात बेसण्याची, म्हणजे शोक करायला बसण्याची, जाहिरात येते, पांढरे कपडे घालून माणसं येतात, दोन तास बसतात, काही बोलत पण नाहीत, पण आलेली असतात. तुझ्याकडे कोण आलं? कोणी नाही, उलट "सुटलास" म्हणून पार्टी मागितली असेल. त्यामुळे पहिलं काम हे कर की दोनच माणसं निवड, जास्त नको, आणि त्यांना सरळ सांग की मला त्रास होतोय, सल्ला नकोय, फक्त अधूनमधून येऊन बस. जिम लाव म्हणणारा त्यातला नसावा. ऑफिसातला नसला तर अजून बरं.

आता नाटकाचं. तू दिवसा हसतोस आणि रात्री रडतोस, यातलं खरं कुठलं असं तुला विचारायचंय ना? दोन्ही खरं आहे. हॉलंडमधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये जोडीदार गेलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट मांडली, ती मला आजवर वाचलेल्यात सगळ्यात कामाची वाटते. त्यांचं म्हणणं असं की अशा माणसासमोर एकदम दोन कामं येऊन पडतात, एक म्हणजे गेलेल्याचं दुःख करायचं आणि दुसरं म्हणजे बदललेलं आयुष्य चालवायला शिकायचं, बिलं, स्वयंपाक, एकट्याने लग्नाकार्यात जाणं हे सगळं. आणि माणूस ही दोन कामं एकापाठोपाठ एक नाही करत, तो त्या दोन्हीत ये-जा करतो, थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे, आणि मध्ये दोन्हीपासून सुट्टी पण घेतो, आणि ही ये-जाच बरं व्हायचा रस्ता आहे. त्यांनी मृत्यूबद्दल लिहिलं होतं पण तुझ्या पत्राला ते जसंच्या तसं लागू पडतं. तू ऑफिसात क्वालिटीचे रिपोर्ट बघतोस, कुणाच्या जोकवर हसतोस, ती सुट्टी आहे, तिला फसवणूक म्हणू नको. उलट जो चोवीस तास रडतो किंवा जो एकदाही रडत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

त्या पाच पायऱ्यांचं रील डिलीट कर. एलिझाबेथ क्युबलर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये ते मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, घटस्फोट झालेल्यांचा त्यात काही संबंध नव्हता, आणि त्या पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात असंही नाही. तू कुठल्या पायरीवर आहेस हे शोधण्यात वेळ घालवू नको.

अजून एक. तुला वाटतंय की फक्त बायको गेली, बाकी सगळं तेच आहे, मग इतका थकवा का. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली, माणसाला जुळवून घ्यायला किती त्रास होतो त्याप्रमाणे प्रत्येकीला आकडा दिला. जोडीदाराचा मृत्यू १००, त्याच्या खालोखाल घटस्फोट ७३, आणि वेगळं राहायला लागणं ६५. पण मला त्या यादीतलं खालचं जास्त आवडतं, कारण तिथे राहायची जागा बदलणं वेगळं मोजलंय, २०. झोपायच्या सवयी बदलणं १६. खाण्याच्या सवयी १५, घरच्यांचं एकत्र जमणं कमीजास्त होणं तेही १५. पैशाची स्थिती बदलणं ३८. म्हणजे बघ, तू वाघोडिया रोडवरून दांडिया बाजारात आलास, डबल बेडवरून शाळेच्या दिवसांतल्या खोलीतल्या सिंगल पलंगावर आलास, रात्री नऊला जेवायचास तो आता आईबरोबर साडेसातला जेवतोस (हा माझा अंदाज, पण दांडिया बाजारातल्या आया मला माहीत आहेत), आणि हप्ता एकट्यावर आला. यातलं एकेक बारीक वाटतं, पण सगळं एकाच उन्हाळ्यात आलंय. दमशील नाहीतर काय.

बरं, साडेनऊ. मला वाटतं ती पुण्याला गेल्यावर तुमचा रोजचा फोन त्याच सुमारास व्हायचा, नसेल तर सोड. पण ती वेळ मोकळी पडलीये आणि हातात फोन आहे, त्यामुळे तू तिथे जाणारच, त्याला मनाचा निग्रह वगैरे लावून काही होत नाही. २०१२ मध्ये तारा मार्शल यांनी ब्रेकअप झालेल्या लोकांचा अभ्यास केला होता, जे लोक जुन्या जोडीदाराचं फेसबुक सारखं तपासत होते त्यांना त्रास जास्त होता आणि त्यांची आठवण, ओढ पण जास्त होती. आता तपासतात म्हणून त्रास की त्रास म्हणून तपासतात, हे असल्या अभ्यासातून नक्की सांगता येत नाही, पण तुला तुझं माहीत आहे ना, लास्ट सीन बघून कधी बरं वाटलंय का? ऑनलाइन दिसली तर कुणाशी बोलतेय, नाही दिसली तर कुठे गेलीये. ब्लॉक करू नको, तुमच्यात तसं काही झालेलं नाहीये आणि फ्लॅटसाठी बोलावं लागणारच आहे. चॅट आर्काइव्ह कर, स्टेटस म्यूट कर, नंबर तिच्या नावाऐवजी आडनावासकट पूर्ण नावाने सेव्ह कर, म्हणजे आपोआप बोट तिथे जात नाही. आणि साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून आईला घेऊन सूरसागर तलावावर चक्कर मार, तुमच्यापासून पायी आहे, पाळीवर बसा, शेंगदाणे खा, महादेवाला नमस्कार करा, परत या. आईचे गुडघे दुखत असतील तर एकटा जा. तिथे जाऊन मन शांत होईल असं काही मी म्हणत नाहीये. साडेनऊची वेळ चप्पल घालण्यात गेली पाहिजे एवढंच.

कुणीतरी तुला डायरी लिही असं पण सांगेल, मनातलं सगळं कागदावर ओत म्हणून. सगळ्यांना ते मानवत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच वेगळ्या झालेल्या लोकांना मनातलं खोल लिहायला सांगितलं, तर जे लोक आधीच सारखा अर्थ शोधत बसणारे होते त्यांचं लिहून उलट जास्त बिघडलं, आणि ज्यांना फक्त दिवसभरात काय केलं ते कोरडं लिहायला सांगितलं होतं त्यांना बरं गेलं. तू पत्रात चार वेळा "का" लिहिलंयस (मी कापलेलं धरून). तेव्हा लिहायचंच असेल तर दुधाचा हिशोब लिहितात तसं लिही, सकाळी किती वाजता उठलो, काय खाल्लं, कुणाला भेटलो.

आणि गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून हा विषय काढायचं कारण नाही असं समजायला मी काल बडोद्यात आलेली नाही. मित्र दमणला चल म्हणतील. दारूने झोप पटकन लागते आणि पहाटे तीनला मोडते, मग ते तीन ते सहा तुझे तूच मोजत बस. या वर्षी दमण नको.

इथे जरा सिरियस होते. तू म्हणतोस तसं दिवसा ठीक आणि रात्री वाईट, हे चालतं. पण सलग दोन आठवडे दिवसा पण कशातच रस वाटेना, झोप आणि जेवण दोन्ही उडालं, ऑफिसात साध्या चुका व्हायला लागल्या, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी येऊन गेला, तर मग सदरांना पत्रं लिहायची नाहीत, डॉक्टरांकडे जायचं. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, कारेलीबागला सरकारी मानसिक आरोग्य हॉस्पिटल आहे, आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे. कारेलीबागचं नाव काढलं की आपल्याकडे लोक अजून चेष्टा करतात, करू देत. तो विचार आला तर त्याच रात्री फोन कर, सकाळ व्हायची वाट बघू नको.

सासूबाईंचा फोन घे. मला यात फार विचार करावासा वाटला नाही. कोर्टाने तुझं आणि तिच्या मुलीचं नातं संपवलंय, त्या बाईंनी सात वर्षं तुला जावई म्हणून जेऊखाऊ घातलं ते कुठल्या हुकमात लिहिलेलं नाही, आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नाही की तुमचं काय गेलं. पण तीन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे तिला, म्हणजे बायकोला, दोन ओळींचा मेसेज टाकून ठेव की आईंचा फोन येतो, मी घेतो, तुला चालेल ना. तिला लपूनछपून वाटता कामा नये. दुसरं, फोनवर तिचा विषय काढायचा नाही, ती कशी आहे, कुणी भेटलं का, हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही, नाहीतर तो फोन लास्ट सीनचाच मोठा भाऊ होईल. आणि तिसरं जरा कठीण आहे. त्या फोन माया म्हणून करतात की अजून जुळेल या आशेने करतात हे तुला आवाजावरून कळेल, आशेने करत असतील तर तुलाच सांगावं लागेल की आई, ते आता होणार नाही, पण तुम्ही फोन करा. हे वाक्य तुझ्या तोंडून निघेल तेव्हा तुलाही ते पहिल्यांदा ऐकू येईल, त्या रविवारी दुपारी घरी एकटा राहू नको.

रविवारचं वेगळं असं काही औषध नाही, सकाळी ठरलेलं काहीतरी हवं. खंडेराव मार्केटला जाऊन आठवड्याची भाजी आण, आईला नाही, तूच, घासाघीस करत. किंवा कमाटी बागेत मित्राला बोलव आणि नंतर सेव-उसळ. ठरलेलं पाहिजे आणि समोर कुणीतरी वाट बघत असलं पाहिजे, म्हणजे रद्द करायला लाज वाटते. दुपारी झोपू नको.

आता फ्लॅट, आणि यात मी जरा घोळ घालणार आहे कारण लोक इथेच पुढे पाच वर्षं रडतात. हुकमात फ्लॅटचं काय ठरलंय ते तू लिहिलं नाहीस, ते आधी काढून वाच, आणि हुकमाच्या सर्टिफाइड कॉप्या तीन-चार तरी काढून ठेव, जागोजागी मागतात. बँकेला तुमच्या घटस्फोटाचं काही नाही, लोनच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत तोवर बँकेच्या लेखी दोघंही कर्जदार, तू एक हप्ता चुकवलास तर पुण्यात तिचा सिबिल स्कोअर पण पडतो, आणि तू वर्षानुवर्षं एकटा भरत राहिलास तरी दस्तावेजात तिचा हिस्सा तसाच राहतो. म्हणजे हे असं अर्धवट ठेवणं दोघांनाही धोक्याचं. तुला तो ठेवायचा असेल तर आधी बँकेत जाऊन विचार की माझ्या एकट्याच्या पगारावर लोन चालवाल का, ते लेखी हो म्हणाले की मग तिच्या हिश्शाचा रिलीजचा दस्तावेज सब-रजिस्ट्रारकडे, स्टॅम्प ड्युटी किती पडते ते वकिलाला विचारून. उलट क्रमाने करू नको, तिने हिस्सा सोडला आणि कर्जात नाव राहिलं तर तो तिच्यावर अन्याय आहे, आणि मग तुमच्यात जे भांडण कधी झालं नाही ते होईल. विकायचा असेल तर विका, पण ते या दिवाळीपर्यंत ठरवू नको, फक्त बँकेची चौकशी करून ये. माझं मत विचारशील तर रिकामा बंद फ्लॅट आणि चालू हप्ता हे दोन्ही एकत्र ठेवण्यापेक्षा भाड्याने दे, तिची संमती घेऊन.

मग नॉमिनी. घटस्फोट झाला म्हणून सगळीकडचं नाव आपोआप निघत नाही रे, पीएफ, एलआयसी, बँकेची एफडी, म्युच्युअल फंड, सगळीकडे तुलाच बदलायला लागेल. पीएफचं युएएन पोर्टलवर घरबसल्या होतं, आधारच्या ओटीपीवर. कंपनीच्या मेडिक्लेममधून तिचं नाव काढायला एचआरला सांग, आणि तिलाही आधी कळव म्हणजे ती तिकडे स्वतःची सोय करेल. हे तुला कोरडं वाटेल पण यातलं एक सांगून ठेवते, पहिल्या फॉर्मवर "मॅरिटल स्टेटस"चा तो डबा येतो ना, आणि खाली यादी उघडते, सिंगल, मॅरीड, डायव्होर्स्ड, विडोड, तिथे माणसाचं बोट थांबतं. कोर्टात सही करताना जे झालं नाही ते एका पीएफच्या फॉर्मवर होतं. म्हणून हे सगळं एका बसणीत उरकायला जाऊ नको. एका दिवशी एक फॉर्म, तोही सकाळी, रात्री नाही. आणि तो भरून झाला की त्या दिवशी अजून काही करायचं नाही.

आईचे बायोडेटे. तू वैतागलायस ते कळतं, पण बघ, त्या घरातून सून गेली ती तिच्याही हातून गेली, आणि ती रोज सकाळी तुला त्या जुन्या खोलीतून डोळे सुजवून बाहेर येताना बघते. बायोडेटा ही तिची घाबरण्याची पद्धत आहे, माझ्यानंतर याचं कोण. तिच्यावर खेकसू नको, आणि "बघू" असंही म्हणू नको, बघू म्हटलं की रोज बघायला लागतं. तारीख दे. सांग की आई, उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, हा विषय नाही, उंधियू खाताना बोलू, आणि तोवर ते कागद कपाटात. तारीख दिली की आया गप्प बसतात, निदान माझा अनुभव तसा आहे. आणि मित्रांचं ते अॅप पण त्याच खात्यात टाक. नवीन माणसाला भेटून जुन्या माणसाबद्दल दोन तास बोलशील, त्या पोरीचा काय दोष?

नवरात्राचं तू विचारलं नाहीस पण ते गणपतीनंतर लगेच येतंय. मोठ्या ग्राउंडचा सीझन पास यंदा घेऊ नको, हजारो जोडप्यांच्या रिंगणात तुला काय करायचंय. सोसायटीतल्या गरब्याला एखाद्या रात्री जा, आरती कर, प्रसाद घे, पाय हलले तर हलव.

आणि गौरी. निघून जायचं नाही. तू गेलास की आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, सगळ्यांच्या प्रश्नांना आई एकटी उत्तरं देत बसेल, ते बरोबर नाही. गौरी आई आणेल. मला माहितेय तू काय म्हणशील, सवाष्णीने आणायच्या असतात. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे आणि त्यावरून मला पत्रं आली तरी चालतील. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईने ते मुखवटे पुसले, साड्या नेसवल्या, सोळा भाज्या निवडल्या, सुनेला हाताने कुंकवाची पावलं कशी काढायची ते दारात बसून शिकवलं, तिला नवरा गेला म्हणून उंबऱ्याच्या आत उभं करायचं आणि कुणीतरी चुलत वहिनी शोधून आणायची? बाबा गेले त्या वर्षापासून ती बाजूला उभी राहून सगळं सांगत असणार, ताट सरळ धर, आधी धाकटी नको, थोरली आत घे. आता तिला बाहेर जाऊ दे. ती दारातून येईल आणि आतून "कुणाच्या पावलांनी" असं विचारायला तू उभा राहा. पण तिला विचार, जबरदस्ती करू नको, नको म्हणाली तर बहिणीला किंवा मावसबहिणीला बोलव, माहेरवाशिणीचाच तर सण आहे. भाज्या सोळा नाही झाल्या तर आठ करा, पुरणपोळ्या दांडिया बाजारात विकत मिळतात.

आत्याबाई "आपल्यात असं कधी झालं नव्हतं" म्हणतील, म्हणणारच. त्यांना चहा दे आणि सांग की आपल्या सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच केला होता, देशभराचा हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ला. म्हणजे २४ वर्षं आधीपासून आपल्या गावात हे होतंय, आणि त्यातली काही घरं दांडिया बाजारातलीच असणार, फक्त त्याबद्दल कुणी बोललं नाही.

श्रावण अर्धा होत आला. अनुराधा नक्षत्र कुठल्या दिवशी आहे ते पंचांगात बघ, ऑफिसात त्या दिवशीची आणि जेवणाच्या दिवशीची रजा आजच टाक, आणि आत्याला फोन तू कर, आईला करायला लावू नको.